‘रॉबिन हूड’च्या पार्श्वसंगीताचं गणित

सिंफनी लिहिणारा संगीतकार स्वतःच ठरवतो की हा भाग आठ मिनिटांचा करायचा की अकरा. सिनेमाचं पार्श्वसंगीत लिहिणाऱ्याला ती मुभा नसते. त्याच्या हातात येतो कापून जोडून तयार झालेला प्रसंग, उदाहरणार्थ 47 सेकंदांचा. त्यात 21 व्या सेकंदाला बाण सुटतो, 30 व्या सेकंदाला कुणीतरी बोलायला लागतं आणि 47 व्या सेकंदाला दृश्य बदलतं. सूर काय लावायचे हा प्रश्न त्यानंतरचा.

हे काम कसं चालतं ते समजून घ्यायला ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’ हा वॉर्नर ब्रदर्सचा सिनेमा फार सोयीचा आहे. तो मे 1938 मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. दिग्दर्शक मायकल कर्टिझ आणि विल्यम किली, नायक एरॉल फ्लिन, लांबी 102 मिनिटं. संगीत एरिक वोल्फगांग कोर्नगोल्ड यांचं. तलवारी, घोडे, जंगल आणि त्यामागे गर्जणारे हॉर्न-ट्रम्पेट, ही साहसपटाच्या संगीताची जी ओळख आपल्या कानात बसली आहे, तिचा मोठा भाग कोर्नगोल्ड यांच्या अशा मोजक्या सिनेमांतून आला.

कोर्नगोल्ड मुळात ऑपेराचे. 1897 साली ब्रनोत जन्म, वाढले व्हिएन्नात, आणि विशीच्या सुरुवातीलाच युरोपभर नाव झालेलं. ही पार्श्वभूमी महत्त्वाची आहे, कारण त्यांनी सिनेमाकडे गाणं नसलेला ऑपेरा म्हणून पाहिलं. संवाद म्हणजे गायकाची ओळ, आणि ऑर्केस्ट्राने तिला सांभाळून घ्यायचं. बाकी सगळ्या तांत्रिक युक्त्या या एका भूमिकेतून निघतात.

फूट, फ्रेम आणि मात्रा

35 मिलिमीटरची फिल्म सेकंदाला 24 फ्रेम या वेगाने पळते. एका फुटात 16 फ्रेम बसतात, म्हणजे मिनिटाला 90 फूट फिल्म जाते. हजार फुटांचं रीळ साधारण 11 मिनिटं चालतं. संपादनाच्या टेबलावर वेळ घड्याळात कमी आणि फुटांत जास्त मोजली जायची, आणि संगीतकाराला मिळणारा तक्ताही तसाच असायचा: अमुक फुटावर दार उघडतं, तमुक फुटावर रॉबिन मान वळवतो. संगीताच्या प्रत्येक तुकड्याला रिळाच्या हिशेबाने क्रमांक असतो. तिसऱ्या रिळातला दुसरा तुकडा म्हणजे ‘3 एम 2’.

आता 24 फ्रेमचा वेग आणि संगीताची लय एकमेकांत बसवायची. एका मात्रेला किती फ्रेम, हे ठरवलं की झालं. 12 फ्रेमला एक मात्रा घेतली तर मिनिटाला 120 मात्रा होतात, 10 फ्रेमला घेतली तर 144. मिनिटाच्या 1440 फ्रेमना मात्रेच्या फ्रेमने भागायचं, इतकं सोपं सूत्र आहे.

वरचा 47 सेकंदांचा प्रसंग घेऊ. तो 1128 फ्रेमचा. 10 फ्रेमच्या लयीत त्यात 112.8 मात्रा बसतात. चार मात्रांचा एक बार धरला तर 28 बार म्हणजे 112 मात्रा झाल्या आणि 8 फ्रेम उरल्या. त्या तशाच सोडल्या तर दृश्य बदलायच्या आधी तिसरा हिस्सा सेकंद संगीत संपतं आणि एक पोकळी ऐकू येते. उपाय असा की मधला एखादा बार चारऐवजी पाच मात्रांचा करायचा. एकूण 113 मात्रा, 1130 फ्रेम. दोन फ्रेम जास्त झाल्या, म्हणजे सेकंदाचा बारावा हिस्सा. एवढं कुणाच्या लक्षात येत नाही. जुन्या साहसपटांच्या स्कोअरमध्ये, म्हणजे लिहिलेल्या संगीताच्या पानांवर, मध्येच एखादा पाच किंवा तीन मात्रांचा बार दिसतो, तो पुष्कळदा असा पडलेला असतो. ऐकणाऱ्याला तो चमकदार कल्पना वाटतो, आणि चांगला संगीतकार असेल तर ती चमकदार झालेलीही असते.

बाणाचं मात्र इतकं सहज सुटत नाही. तो समजा बरोबर 21.5 सेकंदांवर सुटतो, म्हणजे 516 व्या फ्रेमवर. आपल्या लयीत 14 व्या बारची सम येते 520 व्या फ्रेमवर. चार फ्रेम उशीर. ढग किंवा चेहरा असता तर चाललं असतं, पण बाणाला चालत नाही, कारण सुटण्याची ती एकच फ्रेम डोळा नेमकी पकडतो. आवाज चित्रानंतर किंचित उशिरा आला तर मेंदू ते सोसतो, कारण लांबचा आवाज रोजच्या जगण्यातही उशिराच येतो. आवाज चित्राच्या आधी आला की मात्र खोटं वाटतं. म्हणून चुकायचंच असेल तर उशिराच्या बाजूने, आणि तेही दोन फ्रेमच्या आत. इथे काय करायचं? लय थोडी वाढवून मात्रा 9 पूर्णांक 7/8 फ्रेमची केली तर सम 513.5 व्या फ्रेमवर जाते. म्हणजे अडीच फ्रेम लवकर, जे आणखी वाईट. यंत्राच्या ठरीव मापात हवी ती जागा मिळतच नाही.

ही यंत्राची बाजू म्हणजे ‘क्लिक’. फिल्मच्या ध्वनिपट्टीला ठरावीक फ्रेमवर भोकं पाडली की ती वाजताना टिक-टिक ऐकू येते. ती वादकांच्या आणि कंडक्टरच्या कानात जाते आणि लय हलत नाही. 1930 च्या दशकात मॅक्स स्टायनर यांच्यासारख्या संगीतकारांनी ही पद्धत भरपूर वापरली. दुसरी पद्धत दृश्य खुणेची: पडद्यावर दाखवायच्या प्रतीवर तीन फूट लांब तिरपी रेघ खरवडायची. ती दोन सेकंदांत पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरकते आणि शेवटच्या फ्रेमला पाडलेलं भोक लख्ख चमकतं. चमकलं की सम यायला हवी.

कोर्नगोल्ड क्लिकच्या वाटेला फारसे गेले नाहीत. प्रोजेक्शन रूममध्ये पियानो ठेवून, रीळ पुन्हा पुन्हा चालवायला लावून, चित्र बघत ते वाजवत आणि रचत. पुढे स्वतःच ऑर्केस्ट्रासमोर उभे राहून पडद्याकडे बघत कंडक्ट करत. बाणाच्या आधीच्या दोन बारांत लय केसभर पुढे ढकलायची आणि नंतरच्या एखाद्या लांब सुरावर ती परत मिळवायची, हे ऑपेराच्या कंडक्टरला रोजचं काम. तिथे गायक कधीच घड्याळाप्रमाणे गात नाही. म्हणून त्यांच्या संगीतात ठोका नेमका पडतो आणि तरी ते कवायतीसारखं वाटत नाही. क्लिकवर बांधलेल्या संगीताला हे जमतच नाही असं नाही, पण तिथे तो लवचीकपणा कागदावर आधीच लिहून ठेवावा लागतो.

या पद्धतीची कमजोरीही आहे. कंडक्टर चुकला तर सगळा टेक वाया जातो. आणि नंतर संपादकाने दृश्यातून काही कापलं तर लयीचं माप ठरीव नसल्यामुळे संगीत कुठे कापायचं ते शोधणं जड जातं. क्लिकवर बांधलेलं असेल तर 42 फ्रेम कमी झाल्यावर 10 फ्रेमच्या लयीतला चार मात्रांचा एक अख्खा बार काढून टाकता येतो, 40 फ्रेम जातात, दोन फ्रेमचा फरक राहतो, आणि तो कुणाला कळत नाही. दृश्य ‘लॉक’ झाल्याशिवाय, म्हणजे त्याचं संपादन पक्कं झाल्याशिवाय, संगीत लिहायला घेऊ नये हा नियम यातूनच आला. तो पाळला मात्र क्वचितच जातो.

बोलण्याखाली काय वाजवायचं

साहसपट म्हटला की लोकांना लढाईचं संगीत आठवतं. पण हात दाखवावा लागतो तो संवादाखाली. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण 85 ते 180 हर्ट्झ, बाईचा 165 ते 255 च्या आसपास. शब्द मात्र कळतात ते व्यंजनांमुळे, आणि व्यंजनांची बरीचशी माहिती हजार ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असते. ट्रम्पेटचा झळझळीत भाग, बासरी आणि व्हायोलिनच्या वरच्या सप्तकातला चढा आवाज नेमका तिथेच बसतो. संवादाखाली जोरकस ट्रम्पेट लावला की आवाज ऐकू येतो, शब्द हरवतो. मग मिक्सिंगच्या टेबलावरचा माणूस संगीतच दाबून टाकतो, आणि इतक्या कष्टाने लिहिलेलं नुसतं गुणगुणल्यासारखं मागे राहतं.

कोर्नगोल्ड नटाच्या बोलण्याची पट्टी ऐकून संगीत तिच्या थोडं खाली ठेवत. चेलो आणि व्हायोला लांब सुरांवर, हालचाल कमी. नट श्वास घेतो तिथे एखादं क्लॅरिनेट किंवा हॉर्न दोन-चार सूर बोलून गप्प होतं. कीर्तनात बुवांचं निरूपण चालू असताना पेटीवाला सूर धरून असतो आणि वाक्य संपलं की तेवढ्यापुरता पुढे येतो, तसंच हे. मॅरियनच्या खिडकीतल्या प्रसंगात रॉबिन आणि ती बोलत असताना कान फक्त ऑर्केस्ट्राकडे लावून बघा. ऑर्केस्ट्रा कुठे थांबतो आणि कुठे वर येतो हे वाक्यांच्या विरामांशी जुळवलेलं आहे.

तलवारीचा खणखणाट ही संवादासारखीच अडचण. पोलादाचा आवाज तीक्ष्ण, वरच्या पट्टीतला, आणि अचानक येणारा. झांजा, ट्रँगल आणि ट्रम्पेट त्याच्या अंगावर पडतात. दोघांपैकी कोणी मागे सरायचं हे आधी ठरवलं नाही तर नुसता कलकलाट होतो. खालच्या तंतुवाद्यांनी धावती लय चालू ठेवायची आणि पितळी वाद्यांना तलवारींच्या फटीत छोटे-छोटे फटके द्यायचे, हा टिकलेला तोडगा.

ओळखीच्या सुरावटी

रॉबिन, त्याचे सवंगडी, रॉबिन-मॅरियनचं प्रेम, इंग्लंड आणि परागंदा राजा रिचर्ड, अशा प्रत्येकाला इथे स्वतःची सुरावट आहे. ऑपेरात ही युक्ती जुनी. सिनेमात तिचा उपयोग असा की प्रेक्षकाला काही सांगायचं असेल तर त्यासाठी वेगळं वाक्य खर्ची घालावं लागत नाही. सुरावट छोटी हवी, चार-सहा सुरांतच ओळखता येणारी, कारण तिला पुढे कुठेही तीन सेकंदांत मावायचं असतं. आणि तिचा ठसा लयीत हवा, नुसत्या स्वरांत नाही. स्वर बदलून ती उदास केली, हॉर्नवरून चेलोवर उतरवली, संथ केली, तरी लय ओळखीची राहिली की प्रेक्षक तिला सोडत नाही.

श्रेयनामावलीवरच सवंगड्यांचं कूच सुरू होतं. खेळकर, किंचित मिजासखोर. भव्य तुताऱ्यांनी सुरुवात करायची सोपी वाट सोडून कोर्नगोल्ड यांनी ही टोळी आधी पुढे केली, आणि सिनेमाची प्रकृती पहिल्या वीस सेकंदांतच ठरून गेली. ही निवड आम्हाला अख्ख्या स्कोअरमधली सगळ्यात हुशार वाटते. या कुचाची सुरावट त्यांनी स्वतःच्या 1929 सालच्या एका ऑपेरेटा-कामातून (ऑपेरेटा म्हणजे हलकाफुलका ऑपेरा) उचलली होती. शिवाय ‘सुर्सुम कोर्डा’ या त्यांच्या ऑर्केस्ट्रा-रचनेतलं बरंच काही या सिनेमात आलं. ती रचना 1920 मध्ये व्हिएन्नात पहिल्यांदा वाजली तेव्हा पडली होती. वेळ कमी असताना हातचं वापरणं यात गैर काही नाही. उलट पूर्ण विकसित झालेली सुरावट मिळाल्यामुळे ती मोडून-जोडून प्रसंगात बसवायलाच सगळा वेळ देता आला.

वेळ खरोखरच कमी होता. 1938 च्या जानेवारीत कोर्नगोल्ड व्हिएन्नात होते, स्वतःच्या नव्या ऑपेराच्या तयारीत. हॉलिवूडहून बोलावणं आलं, ते गेले, सिनेमा पाहिला, आणि फेब्रुवारीत निर्माते हॅल वॉलिस यांना पत्राने नकार कळवला. नव्वद टक्के मारामारीच्या सिनेमाला चित्रं रंगवल्यासारखं संगीत देणं आपल्या स्वभावात नाही, असा त्याचा आशय. त्याच सुमारास ऑस्ट्रियाचे चान्सेलर हिटलरला भेटायला बोलावले गेले होते आणि देश कोणत्या बाजूला घसरतोय हे उघड होत होतं. वॉर्नरच्या संगीत विभागाचे प्रमुख लिओ फोर्बस्टीन त्यांना समजवायला गेले. कोर्नगोल्ड यांनी आठवड्याच्या बोलीवर काम घेतलं, म्हणजे पटलं नाही तर सोडता येईल. 12 मार्चला जर्मन सैन्य ऑस्ट्रियात शिरलं. ते ज्यू होते. व्हिएन्नातलं घर नाझींनी ताब्यात घेतलं, कुटुंबातली मागे राहिलेली माणसं कशीबशी बाहेर पडली. रॉबिन हूडमुळे आपला जीव वाचला असं ते पुढे म्हणत.

पियानोच्या कागदापासून साठ वादकांपर्यंत

संगीतकार सगळ्या वाद्यांचं पान स्वतः लिहीत बसत नाही, तेवढे दिवसच नसतात. तो चार-सहा ओळींचा संक्षिप्त स्कोअर लिहितो आणि बाजूला सूचना देतो: हे हॉर्नना, हे हार्प आणि सेलेस्टाला (पियानोसारखं, पण घंटीच्या आवाजाचं वाद्य). त्यावरून ऑर्केस्ट्रेटर पूर्ण पान भरतो. इथे ते काम मुख्यतः ह्यूगो फ्रीडहोफर आणि मिलान रोडर यांनी केलं. मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीत याच जागेवर ‘अरेंजर’ असायचा आणि तो बहुधा गोव्याचा, कारण पाश्चात्त्य नोटेशन तिथल्या शाळांत आणि चर्चमध्ये शिकवलं जाई. शंकर-जयकिशन यांच्याकडचे सेबास्टियन डिसूझा हे त्यातलं मोठं नाव. फरक एवढाच की मुंबईत स्वरमेळाचा पुष्कळ भार अरेंजरवर पडे, तर कोर्नगोल्ड यांच्या संक्षिप्त स्कोअरमध्ये तो आधीच पक्का लिहिलेला असे.

कामाचा आकार बघा. 144 च्या लयीतला तीन मिनिटांचा तुकडा म्हणजे 432 मात्रा, 108 बार. मोठ्या पानावर चार बार बसतात, म्हणजे 27 पानं. मग लेखनिक त्यातून प्रत्येक वादकाची स्वतंत्र प्रत काढतात. गोंधळ होतो तो इथे. एफमधल्या हॉर्नला लिहिलेला सूर प्रत्यक्षात पंचमाच्या अंतराने खाली वाजतो, बी-फ्लॅटच्या क्लॅरिनेटला आणि ट्रम्पेटला एका सुराने खाली. रात्री जागून प्रत काढणारा लेखनिक एखाद्या ओळीत हे रूपांतर विसरला की सकाळी रेकॉर्डिंगला तो एक क्लॅरिनेट किंवा ट्रम्पेटवाला सगळ्यांपेक्षा एक सूर खाली वाजवतो. साठ माणसं वाद्यं खाली ठेवून बसतात, कंडक्टर ओळ शोधतो, आणि पैसे जात राहतात.

वाद्यांचा तोल हीसुद्धा हिशेबाचीच गोष्ट. पूर्ण सिंफनी ऑर्केस्ट्रात पहिली व्हायोलिन 16, दुसरी 14, व्हायोला 12, चेलो 10, डबलबेस 8 अशी मिळून 60 तंतुवाद्यं लागतात. ती एवढी लागतात कारण समोर चार हॉर्न, तीन ट्रम्पेट, तीन ट्रॉम्बोन आणि ट्युबा जोरात वाजले की एवढीही कमी पडतात. स्टुडिओत इतके वादक परवडत नाहीत. मग मायक्रोफोनची जागा बदलून, व्हायोलिनना वरच्या सप्तकात चढवून किंवा त्यांची सुरावट बासरीने जाड करून तोल साधायचा.

यात 1938 च्या ध्वनीची अडचण मिसळते. संगीत फिल्मवरच प्रकाशाने मुद्रित होई, आणि ती फिल्म लॅबमध्ये धुऊन आल्यावरच पक्कं कळे की काय हाती लागलं. त्या पट्टीवरचा खरखराट झाकायला त्याच सुमारास ठरलेल्या मापानुसार थिएटरचे स्पीकर वरचे आवाज मुद्दाम उतरवत. 5,000 हर्ट्झला सुमारे 10 डेसिबल, 8,000 ला सुमारे 18. झांजेची चमक आणि व्हायोलिनचा रेशमी भाग त्यातच जातो. जुन्या सिनेमाचं संगीत कोंदट वाटतं ते वादकांमुळे नव्हे. त्याच सुरावटी नव्या रेकॉर्डिंगमध्ये ऐकल्या की हार्प, सेलेस्टा आणि पियानोचं जे बारीक काम कधी ऐकूच आलं नव्हतं ते समोर येतं. जॉन मॉर्गन यांनी स्कोअर पुन्हा जुळवला आणि विल्यम स्ट्रॉमबर्ग यांनी मॉस्को सिंफनी ऑर्केस्ट्राकडून वाजवून घेतला, ते रेकॉर्डिंग यासाठी ऐकण्यासारखं आहे. सिनेमा आधी, ते नंतर.

1939 च्या ऑस्करमध्ये मूळ संगीताचा पुरस्कार कोर्नगोल्ड यांना मिळाला, आणि तो त्यांच्या हातात पडला हेच विशेष. दोन वर्षांपूर्वी त्यांनीच संगीत दिलेल्या ‘अँथनी अ‍ॅडव्हर्स’ला हाच मान मिळाला तेव्हा नियमाप्रमाणे तो विभागप्रमुख फोर्बस्टीन यांच्या नावे गेला होता.

अलीकडे जुने सिनेमे पडद्यावर दाखवून समोर प्रत्यक्ष ऑर्केस्ट्रा वाजवण्याचे कार्यक्रम होतात. त्यात वरचं सगळं गणित पुन्हा उभं राहतं. त्या काळच्या अनेक सिनेमांचे संवाद, आवाज आणि संगीत वेगवेगळे उरलेले नाहीत, एकाच पट्टीत मिसळलेले आहेत. संवाद ठेवून संगीत काढायचं तर आवाज वेगळे करणारं सॉफ्टवेअर वापरावं लागतं आणि तरी शब्दांच्या कडांना जुन्या व्हायोलिनचा थोडा अंश चिकटून राहतो. शिवाय पडद्यावरचा नट आता थांबणार नाही. म्हणून कंडक्टरच्या स्टँडवर छोटा मॉनिटर असतो, त्यावर तीच तिरपी रेघ सरकते, फक्त आता ती संगणकाने काढलेली आणि रंगीत असते: एक रंग तुकडा सुरू करायला, दुसरा जुळवायच्या ठोक्याला, तिसरा थांबायला. ऑर्केस्ट्रा दीड सेकंद मागे पडला तर पुढच्या लांब सुरावर तो भरून काढायचा. असा लांब सूर कुठे आहे हे कंडक्टरने स्कोअरवर आधीच लाल पेन्सिलने खुणावून ठेवलेलं असतं.